तेलकट मातीतला फेस

दुचाकी दुरुस्तीच्या एखाद्या जुन्या गॅरेजसमोरची जमीन जरा वाकून बघा. वर्षानुवर्षं तिथं इंजिन ऑईल बदललेलं असतं, चेनचं ग्रीस धुतलेलं असतं, पेट्रोल-डिझेल सांडलेलं असतं. वरचा थर काळा आणि चिवट झालेला असतो. त्यावर तांब्याभर पाणी ओतलं तर ते मुरत नाही, थेंब-थेंब होऊन घरंगळत जातं. पावसाळ्यात आजूबाजूला गुडघाभर तण माजतं, पण त्या पट्ट्यात हिरवं पातं दिसत नाही. जमीन मेली, असंच कुणीही म्हणेल. पण त्यातली चमचाभर माती प्रयोगशाळेत नेली तर तिच्यात लाखोंनी जिवाणू सापडतात, आणि त्यातल्या काहींना साबण करता येतो. या साबणाला शास्त्रज्ञ बायोसर्फॅक्टंट म्हणतात. हे प्रकरण त्याच्याबद्दल आहे.

हे जिवाणू तिथं राहतात कशाला? खायला मिळतं म्हणून. खनिज तेल म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन यांच्या साखळ्या आणि कडी. लाकूड किंवा साखर यांच्यापेक्षा त्यात वजनामागे कितीतरी जास्त ऊर्जा साठलेली असते. अडचण एवढीच की हे अन्न पाण्यात विरघळत नाही. डिझेलमध्ये असणारं हेक्झाडेकेन घ्या, सोळा कार्बनची सरळ साखळी. पाण्यात ते विरघळत नाही म्हटलं तरी चालेल. आणि जिवाणू तर पाण्यात राहणारा जीव. कोरड्या दिसणाऱ्या मातीतही कणांभोवती पाण्याचा अतिशय पातळ पापुद्रा असतो, त्यातच त्याचा संसार. तेल फोडणारी त्याची विकरं पेशीच्या आवरणात बसलेली असतात. तेलाचा रेणू तिथपर्यंत पोचला आणि सोबत प्राणवायूही मिळाला, तरच पहिला घाव घालता येतो. म्हणजे शेजारी अन्नाचा डोंगर, आणि पोट रिकामं.

यावर जिवाणूंनी दोन उपाय काढलेले दिसतात. काही जण आपलं अंगच तेलकट करून घेतात आणि तेलाच्या थेंबाला थेट चिकटतात. काही जण असा रेणू तयार करून बाहेर सोडतात की ज्याचं एक टोक पाण्याकडे ओढतं आणि दुसरं तेलाकडे. हा रेणू पाणी आणि तेल यांच्या सीमेवर जाऊन बसतो, तिथला ताण सैल करतो. मोठा थेंब फुटून बारीक होतो, थेंब बारीक झाले की त्यांचा एकूण पृष्ठभाग वाढतो, आणि जेवणारांना बसायला जागा मिळते. कपडे धुण्याच्या पावडरीतला रेणू नेमकं हेच करतो. रिठ्याच्या सालीतलं किंवा शिकेकाईतलं सॅपोनिनही तेच करतं. आपल्या आज्या सर्फॅक्टंट हा शब्द न ऐकता तो आयुष्यभर वापरत आल्या.

आकड्यांत सांगायचं तर 25 अंश तापमानाला शुद्ध पाण्याचा पृष्ठताण मीटरमागे 72 मिलिन्यूटन असतो. बॅसिलस सबटिलिस या जिवाणूनं केलेलं सर्फॅक्टिन त्यात अगदी किंचित मिसळलं की तो 27 पर्यंत उतरतो. टूथपेस्ट-शांपूत सर्रास वापरलं जाणारं सोडियम लॉरिल सल्फेट आपल्या पूर्ण ताकदीला यायला लिटरमागे दोन ग्रॅमहून जास्त लागतं. सर्फॅक्टिनला दहा-वीस मिलिग्रॅम पुरतात. जिवाणू कंजूष असतो. त्याला कारखाना चालवायचा नसतो, जगायचं असतं, म्हणून त्याचा माल थोडक्यात काम करणारा निघतो.

मात्र इथं एक गैरसमज लगेच दूर केलेला बरा. हा साबण जिवाणू केवळ तेल खाण्यासाठी करतो असं नाही. सुडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू रॅम्नोलिपिड नावाचा साबण करतो, आणि तो ओल्या पृष्ठभागावर झुंडीनं सरकत जाण्यासाठी वापरतो, वसाहतीत पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवण्यासाठी वापरतो, आणि प्रतिस्पर्ध्यांवर, अगदी आपल्या रक्तपेशींवरही, शस्त्र म्हणून चालवतो. शिवाय तो एकट्यानं कधी हे काम सुरू करत नाही. आजूबाजूला आपलेच भाईबंद पुरेसे जमले आहेत का, याचा रासायनिक इशारा मिळाल्यावरच त्याची संबंधित जनुकं जागी होतात. एकट्यानं सोडलेला साबण वाहून जाणार, जमावानं सोडलेला उपयोगी पडणार, असा सरळ हिशेब. तेल साफ होतं ते या सगळ्या व्यवहारात जाता-जाता.

असे जिवाणू शोधायची पद्धत फार अवघड नाही. बीएस्सीच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती दरवर्षी कुठं ना कुठं चालू असते. तेलकट जमिनीचा वरचा कचरा बाजूला करून खालची थोडी माती निर्जंतुक पिशवीत घ्यायची. ती बुशनेल-हास नावाच्या द्रवात टाकायची. या द्रवात मॅग्नेशियम, फॉस्फेट, नत्र असं सगळं असतं, फक्त कार्बन नसतो. कार्बन म्हणून त्यात एक टक्का डिझेल किंवा क्रूड घालायचं. फ्लास्क शेकरवर आठवडाभर हलत ठेवायचा. ज्याला तेल खाता येत नाही तो उपाशी मरतो. मग त्यातलं थोडं नव्या फ्लास्कमध्ये, पुन्हा आठवडा, पुन्हा नवा फ्लास्क. दर फेरीला गर्दी विरळ होत जाते आणि खरे तेलखाऊ उरतात. सुरुवातीला वर अख्खा तरंगणारा काळा तवंग हळूहळू तुटतो, तपकिरी कण होऊन द्रवात पसरतो, आणि काचेच्या कडेला फेस धरायला लागतो. हा फेस दिसला की शेकरपाशी विद्यार्थ्यांची गर्दी होते.

खरी गंमत तेल पसरण्याच्या चाचणीत असते. पेट्रीडिशमध्ये शुद्ध पाणी घ्यायचं, त्यावर क्रूडचा किंवा वापरलेल्या इंजिन ऑईलचा बारीकसा थेंब सोडायचा. तो पसरून पातळ काळी साय धरतो. जिवाणू वाढवलेला द्रव सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी खाली बसवायच्या, वरचा निवळ द्रव पिपेटमध्ये घ्यायचा आणि त्याचा एक टिपूस त्या सायीच्या मध्यावर टेकवायचा. साबण असेल तर डोळ्याची पापणी लवते न लवते तोच काळी साय कडेला पळते आणि मध्ये स्वच्छ गोल उघडतो. साबण नसेल तर काहीही होत नाही. या गोलाचा व्यास मोजायचा. दुसरी चाचणी त्याहून सोपी: चाचणीनळीत निवळ द्रव आणि केरोसीन सारख्या मापानं घेऊन दोन मिनिटं जोरात घुसळायचं आणि 24 तास ठेवून द्यायचं. मध्ये जो दुधट थर उरतो त्याची उंची एकूण उंचीच्या किती टक्के भरली, हा तिचा निर्देशांक. तिसरी रक्ताच्या अगारवर. तिथं वसाहतीभोवती लाल रंग जाऊन पारदर्शक वलय आलं, तर रक्तपेशी फुटल्या असा अर्थ. मात्र रक्तपेशी फोडणारी इतर रसायनंही जिवाणू बनवतात, आणि द्रवात नुसती प्रथिनं असली तरी केरोसीनचा दुधट थर बनतो. म्हणून कुठलीही एक चाचणी पुरेशी मानू नये. आपल्याकडचे कितीतरी प्रकल्प-अहवाल मात्र एका चाचणीवर जल्लोष करून संपतात.

या रेणूंचा इतिहास तसा तेलाशी बांधलेला नाही. सुडोमोनासच्या रॅम्नोलिपिडची रीतसर ओळख 1949 मध्ये झाली, तीही ग्लिसरॉलसारख्या अन्नावर. सर्फॅक्टिन 1968 मध्ये जपानमध्ये सापडलं ते रक्ताची गुठळी होऊ न देणारा पदार्थ म्हणून. तो इतका जबर साबण आहे हे सोबतच लक्षात आलं. तेलाशी थेट गाठ घातली ती तेल अवीव विद्यापीठातल्या यूजीन रोझेनबर्ग आणि डेव्हिड गटनिक यांनी. 1970 च्या दशकात त्यांनी तेल खाणारा एक ॲसिनेटोबॅक्टर वेगळा केला आणि त्यातून इमल्सान नावाचा पदार्थ मिळवला. हा रेणू अवाढव्य असतो. तो पृष्ठताण फारसा उतरवत नाही, पण तेलाचे एकदा झालेले बारीक थेंब पुन्हा एकत्र येऊ देत नाही. फोडणारा वेगळा आणि राखणारा वेगळा, अशी कामाची वाटणी या साबणांत आढळते.

जिवाणूच्या साबणाची एवढी ओढ लागायला एक दुर्घटना कारणीभूत आहे. 18 मार्च 1967 रोजी टोरी कॅनियन हा टँकर इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ खडकावर चढला. त्यात सुमारे 1,19,000 टन क्रूड होतं. सरकारनं किनाऱ्यावर आणि समुद्रात जवळपास 10,000 टन डिटर्जंट ओतलं. त्या काळची ही रसायनं तेलापेक्षा विषारी निघाली. खडकांवरचे शिंपले, शंख, शेवाळ खाणारे जीव सपाट मेले. ज्या भागांत डिटर्जंट मारलं नव्हतं ते दोन-तीन वर्षांत सावरले, मारलेल्या भागांना दहा-पंधरा वर्षं लागली. पुढची डिटर्जंट सौम्य झाली, हे खरं. तरीही 2010 मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझनच्या गळतीवर सत्तर लाख लिटरच्या आसपास कोरेक्झिट फवारलं गेलं आणि त्याचे परिणाम काय, यावर अजून वाद आहेत. जिवाणूचा साबण सहज कुजतो आणि सहसा कमी विषारी असतो, म्हणून त्याच्याकडे डोळे लागले. 1989 मध्ये अलास्कात एक्सॉन व्हॅल्डेझ फुटल्यावर तिथल्या तेल लागलेल्या खडीवर रॅम्नोलिपिडचा प्रयोग प्रयोगशाळेत करून बघितला गेला. नुसत्या पाण्यानं जितकं तेल सुटलं त्याच्या दुप्पट-तिप्पट या द्रवानं सुटलं. प्रत्यक्ष किनाऱ्यावर मात्र मोठ्या प्रमाणात पडलं ते खत.

याच ठिकाणी एक खरीखुरी अडचण आडवी येते, आणि पाठ्यपुस्तकं ती बहुधा टाळून जातात. तेल म्हणजे कार्बनचा सुकाळ. नत्र आणि स्फुरद यांचा मात्र दुष्काळ. जिवाणूला तेल खाऊन अंग वाढवायचं तर नत्र लागतंच, म्हणून तेलकट जमीन सुधारताना युरियासारखं खत घालतात. कार्बन 100 भाग, नत्र 10, स्फुरद 1 असं ढोबळ प्रमाण सांगितलं जातं. उलट सुडोमोनास रॅम्नोलिपिड भरपूर करतो तो नत्र संपत आल्यावर. तेल फस्त व्हायला हवं तर नत्र द्या, साबण हवा तर नत्र तोडा. शेतात आणि फर्मेंटरमध्ये एकाच जिवाणूला दोन वेगळ्या तऱ्हेनं वागवावं लागतं. फ्लास्कमध्ये छान साबण देणारा जिवाणू आणून मातीत ओतला की काम होईल, ही समजूत इथंच कोसळते. मातीत त्याला हवा लागते, म्हणजे माती उलथी-पालथी करावी लागते. ओल लागते. आणि स्थानिक जिवाणूंशी भांडावं लागतं ते वेगळंच.

भारतात या कामाची एक मोठी शाळा आसामात आहे, आणि ते साहजिक आहे. दिग्बोईचा तेलशुद्धीकरण कारखाना 1901 पासूनचा, आशियातल्या सर्वांत जुन्यांपैकी. वरच्या आसामात तेलविहिरी चहाच्या मळ्यांना आणि भातशेतीला खेटून आहेत. गळती झाली की ती थेट शेतात उतरते. तेजपूर विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी ईशान्येतल्या अशाच तेलकट मातीतून बॅसिलस सबटिलिस आणि सुडोमोनास एरुजिनोसा वेगळे केले, त्यांची साबणक्षमता मोजली आणि क्रूड मिसळलेल्या मातीत त्यांना 120 दिवस सोडून बघितलं. दोघांनीही तेल कमी केलं, पण सुडोमोनास वरचढ ठरला. हा निकाल पुन:पुन्हा वेगवेगळ्या ठिकाणी मिळत गेला आहे, आणि त्यातली पंचाईत पुढे येतेच.

आपल्याकडे नागपूरच्या नीरी संस्थेत कीर्ती दुबे आणि आशा जुवारकर यांनी तेलाच्या गाळातून वेगळा केलेला सुडोमोनासचा बीएस2 हा वाण घेतला आणि त्याला तेल न देता आसवनीचं सांडपाणी आणि चक्क्यातून निथळलेलं पाणी पाजलं. 2001 मध्ये त्यांनी दाखवलं की या फुकटच्या घाणीवरही तो लिटरमागे एक ग्रॅमच्या आसपास साबण देतो. ही मला आपल्याकडच्या कामातली सर्वांत शहाणी दिशा वाटते. साखर कारखाने, डिस्टिलऱ्या आणि दूधसंघ असलेल्या राज्याला मळी, स्पेंटवॉश आणि निवळी यांची कमतरता नाही. याच बीएस2 च्या रॅम्नोलिपिडनं पुढे त्यांनी मातीतलं कॅडमियम आणि शिसं धुऊन काढून दाखवलं. तेलाशी संबंध नसलेल्या कामातही हा साबण उपयोगी आहे, याचा तो पुरावा.

मुंबईकरांना या विषयाची ओळख वेगळ्या निमित्तानं झाली. 7 ऑगस्ट 2010 रोजी बंदराजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं एकमेकांवर आदळली, तेल सांडलं, कंटेनर समुद्रात पडले, किनाऱ्यावर काळा लेप बसला. त्या वेळी टेरी या दिल्लीच्या संस्थेचं ऑईलझॅपर हे मिश्रण साफसफाईसाठी वापरलं गेलं. ऑईलझॅपर म्हणजे तेलकट जागांमधून वेचलेल्या जिवाणूंचा गट, मक्याच्या कणसाच्या बुरकुंड्याच्या भुकटीत घोळवलेला. पोत्यातून आणायचा, पोषक द्रव्यांसह पसरायचा, माती ढवळायची. त्यात बाटलीबंद साबण नसतो. जिवाणूच जागेवर जाऊन जे करायचं ते करतात, आणि आजघडीला भारतात मैदानावर टिकलेला मार्ग हाच आहे.

तेलकट मातीतच साबणकार सापडतात असंही नाही. पुणे विद्यापीठात बाळू चोपडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी निरोगी माणसांच्या त्वचेवरून ॲसिनेटोबॅक्टर गोळा केले आणि त्यातले काही उत्तम इमल्सिफायर देणारे निघाले. 2001 मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. त्वचेवरही तेल असतंच म्हणा. पण अट तेलाची आहे की गर्दीची आणि उपासमारीची, हा प्रश्न यातून निघतो, आणि माझ्या मते तो तेलकट मातीइतकाच महत्त्वाचा आहे.

आता मुख्य अडथळा. फ्लास्कमधला ग्रॅम पिंपातला टन कसा व्हायचा? फर्मेंटरमध्ये जिवाणूला हवा द्यावी लागते. साबणाच्या द्रवात हवा सोडल्यावर काय होतं ते सांगायला नको. फेस वर चढतो, झाकणाच्या नळ्यांतून बाहेर येतो, सोबत जिवाणूही नेतो, फिल्टर तुंबवतो. फेस मारणारं रसायन घातलं तर ते पुढे मालातून काढायचं कसं? 1981 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी यावर डोकं चालवलं: फेसाशी लढण्याऐवजी तोच सतत बाहेर काढून गोळा केला. सर्फॅक्टिन फेसात साठतंच, त्यामुळे माल वेगळा करण्याचा अर्धा खटाटोप वाचला आणि उत्पादनही वाढलं. नाहीतर एरवीची पद्धत लांबलचक आहे. पेशी काढायच्या, द्रव आम्ल घालून पीएच 2 वर आणायचा, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचा, खाली बसलेला पांढुरका साका सेंट्रिफ्यूज करायचा, मग त्यातला साबण क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये विरघळवून घेऊन सुकवायचा. एवढं केल्यावर बशीत मधाच्या रंगाचा चिकट लेप उरतो. एकूण खर्चातला मोठा वाटा, सर्वसाधारण अंदाजानं साठ टक्क्यांपर्यंत, या वेगळं करण्यात आणि शुद्ध करण्यातच जातो. मळी फुकट मिळाली म्हणून साबण स्वस्त होत नाही, ते यामुळे.

दुसऱ्या पंचाईतीची सूचना वर येऊन गेली. सर्वांत जास्त साबण देणारा सुडोमोनास एरुजिनोसा हा माणसाला आजारी पाडणारा जिवाणू आहे. भाजलेल्या जखमा, व्हेंटिलेटरवरची फुप्फुसं, मूत्रनळ्या ही त्याची नेहमीची ठिकाणं, आणि प्रतिजैविकांना तो सहज दाद देत नाही. सोयाबीन तेलावर वाढवून त्याच्याकडून लिटरमागे शंभर ग्रॅमहून जास्त रॅम्नोलिपिड काढल्याची नोंद आहे. पण भांडी घासायच्या द्रवासाठी हजारो लिटर एरुजिनोसा पाळायला कुठलाही शहाणा कारखानदार तयार होणार नाही. वाट निघाली ती वेगळीकडून: साबणाची जनुकं उचलून सुडोमोनास प्युटिडा या निरुपद्रवी चुलतभावात घातली आणि त्याला साखरेवर वाढवलं. एव्होनिक या जर्मन कंपनीनं याच मार्गानं स्लोव्हाकियात रॅम्नोलिपिडचा मोठा कारखाना उभारला आणि 2024 मध्ये उत्पादन सुरू केलं. त्याआधी 2019 मध्ये युनिलिव्हरनं चिलीत क्विक्स या भांडी घासायच्या द्रवात हा साबण घालून विक्रीला ठेवला होता. तेलगळतीसाठी म्हणून ज्याचा शोध चालू होता, तो मोठ्या प्रमाणावर पोचला आहे तो स्वयंपाकघरातल्या सिंकपाशी. मला यात वावगं काही वाटत नाही. सिंकमधला साबण शेवटी नदीतच जातो, तिथं लवकर कुजणारा साबण गेलेला बरा.

तेलकट जमीन साफ करायला मात्र बाटलीतला साबण परवडत नाही, अजून काही वर्षं परवडणारही नाही. तिथं हवा, ओल, युरिया आणि त्याच मातीत रुळलेले जिवाणू हाच व्यवहार्य मार्ग आहे.

महाविद्यालयीन प्रकल्पासाठी यंदा गॅरेजची माती उचलणाऱ्यांना तीन गोष्टी सांगायच्या आहेत. सापडलेल्या जिवाणूची 16एस जनुकावरून ओळख आधी पटवून घ्या, आणि एरुजिनोसा निघाला तर हातमोज्यांशिवाय हात लावू नका, फ्लास्क ऑटोक्लेव्ह केल्याखेरीज बेसिनमध्ये ओतू नका. कंट्रोल म्हणून जिवाणू न घातलेल्या द्रवावरही त्याच चाचण्या करा. आणि अहवालात स्वच्छ गोलाचा व्यास लिहाल तेव्हा त्याच्याखाली लिटरमागे किती ग्रॅम साबण हाती आला आणि त्याला किती खर्च आला, तेही लिहा.